होन्नेवाडीच्या वेशीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी वेस आहे. कर्नाटकात, धारवाडकडच्या अळणावरच्या अलीकडे, रानाला लागून होन्नेवाडी नावाचे छोटे गाव आहे, त्याच्या तोंडाशी मी उभी आहे. दोन चौकोनी काळे खांब, वर एक लांब शिळा आणि पायथ्याशी बसायला कट्टा, एवढाच माझा संसार.

गावाची ओळख माझ्याकडूनच करून घ्या. इथली माणसे भांडतात मराठीत आणि बाजार करतात कन्नडमध्ये. प्लेगच्या साथीत सगळे गाव रानात झोपड्या बांधून राहिले, तेव्हा ओस घरे मी एकटीने राखली. परत आल्यावर लोकांनी मला हळदकुंकू लावून नारळ फोडला. पाहुण्याला ही माणसे जेवल्याशिवाय सोडायची नाहीत, पण गावकीसाठी काही द्यायची वेळ आली की सगळ्यांचे हात आखडतात. खोटे कशाला बोलू?

या चिक्कूपणाचा एक फायदा मात्र होता. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, म्हणजे कारहुणवीला, माझ्या खांबांना आडवी दोरी बांधतात आणि सजवलेले बैल धावत येऊन ती तोडतात. पांढऱ्याने तोडली तर भात पिकणार, तांबड्याने तोडली तर नाचणी. या दोरीसाठी घराघरातून अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, गोळा करीत. चांगला वाख कोण देणार? जो तो कुजका, तुटका आणून टाकी. त्यामुळे बैलाची छाती लागली न लागली तोच दोरी तटकन तुटे.

आता ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. भीमरावाचा बसव्या तेवढा उरला होता, पांढराशुभ्र आणि थकलेला. भीमरावाने त्याला वासरू असल्यापासून वाढवलेले. भीमरावाचा नातू अभिषेक धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामाला. यंदाच्या कारहुणवीला त्याने हुबळीच्या दाजीबानपेठेतून नायलॉनची जाड निळी दोरी आणली, तीही स्वतःच्या पगारातून.

"आज्जा, बघ की! एक नंबर दोरी हाय."

साऱ्या गावाने ती हातात घेऊन पाहिली, वाहवा केली. भीमरावही कौतुकाने हसला. ही तुटणार कशी, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. माझ्या आले, पण वेशीचे कोण ऐकते?

हलगी वाजली, फटाके उडाले. बिचकलेला बसव्या जीव तोडून धावला. "बेड रे, फटाके नकोत! म्हातारा हाय त्यो!" भीमराव मागून कन्नडातले 'बेड' आणि मराठीतले 'नको' एकत्र करून ओरडत होता. दोरी ताणली, पण तुटली नाही. बसव्या उलटा फेकला गेला आणि माझ्या डाव्या खांबावर आपटला. त्याचा पुढचा पाय मोडला. भीमरावाची बायको जनाबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. तो पुन्हा उठलाच नाही.

मग माझ्याच कट्ट्यावर पंच बसले. सणाच्या दिवशी बैल गेला, हे पाप कुणाच्या माथी? नागोजी पंचाने विचारले, "दोरी कुणी आणली?"

अभिषेकची मान खाली गेली. भीमरावाने त्याच्याकडे पाहिले.

"दोरीचं काय न्हाई," तो म्हणाला. "वेसच अरुंद हाय. खांब लागला त्याला."

सगळ्यांना हायसे वाटले, कारण वाहवा तर सगळ्यांनीच केली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी! वेस पाडायची आणि सिमेंटची रुंद कमान उभारायची असे ठरले. मला फार राग आला. भरल्या गाड्या, वराती, तिरड्या माझ्यातून गेल्या, भीमरावाची वरातसुद्धा गेली, तेव्हा मी कधी अरुंद नव्हते. म्हातारा नातवासाठी खोटे बोलला हे मला कळते. पण कळले म्हणून दुखायचे थांबत नाही.

येत्या सोमवारी मला पाडायला यंत्र येणार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार होते. आता ते सांगवत नाही. सांगायचे आहे ते अभिषेकला, कारण त्या दिवसापासून तो गावाकडे फिरकलेला नाही. बाळा, मी पडले तर पडू दे. तू एकदा ये आणि 'आज्जा, माझं चुकलं' एवढे म्हण. रोज संध्याकाळी धारवाडची बस यायच्या वेळी भीमराव माझ्या कट्ट्यावर येऊन बसतो. बसमधून तू उतरत नाहीस, मग तो उठून घरी जातो. सोमवारनंतर त्याला तुझी वाट बघत बसायला जागाही उरणार नाही.