पालेभाजीखालची बाटली

मित्रांनो, दोन खोल्यांच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला पाठ टेकून मी गेली अठरा वर्षे उभा आहे. मी एक जुना फ्रिज. माझा मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे, दाराचे रबर सैल झाले आहे, आणि दर थोड्या वेळाने मी थरथरून सुरू होतो तेव्हा डोक्यावरची बरणी किणकिणते. माझ्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. पण माझ्यासमोर जे घडले ते कोणीतरी सांगायला हवे, आणि ते सगळे पाहिलेला मी एकटाच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या तावांतून मला कापले, वाकवले, अंगावर रंग उडवला, आणि शेवटी एका तपासनिसाने माझ्या दारावर थाप मारून "पास" म्हटले. आत ठेवाल ते गार करीन, टिकवीन, एवढेच मला ठाऊक होते. आत ठेवलेली प्रत्येक गोष्ट टिकवण्यासारखी असतेच असे नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी ज्या घरात आलो तिथे एक बहीण आणि एक भाऊ राहत. बहीण नऊ वर्षांनी मोठी. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचे काम करी. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवी. तो तिला ताई म्हणे आणि ती त्याला धाकट्या म्हणे. आई गेली तेव्हा धाकट्या आठ वर्षांचा होता, ताई सतरा वर्षांची. तिने त्याला न्हाऊमाखू घातले, शाळेत सोडले, हाताला धरून मोठा केला. या सगळ्यात तिचे स्वतःचे लग्न राहून गेले ते गेलेच.

त्यांचे वडील दारूपायी गेले होते. म्हणून ताईने धाकट्याकडून लहानपणीच शपथ घेतली होती, दारूला शिवायचे नाही. त्याने ती शपथ अक्षरशः पाळली. मला घरात आणले त्या दिवशी ताईने माझ्यात सगळ्यात आधी कोल्ड्रिंकच्या केशरी रंगाच्या दोन बाटल्या ठेवल्या. संध्याकाळी दोघे जमिनीवर बसले. एक बाटली, दोन ग्लास.

"आहाहा! दात शिवशिवले बघ," धाकट्या म्हणाला.

"आपल्या बापाला याचं व्यसन लागलं असतं तर काय बिघडलं असतं!" ताई म्हणाली, आणि दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

माझे त्या दिवशी फार कौतुक झाले. मी फुगून गेलो.

तेव्हापासून ती त्या दोघांची वेळच ठरली. कामावरून आले की हातपाय धुवायचे, माझे दार उघडायचे आणि ग्लास घेऊन बसायचे. लाँड्रीची मालकीण आज काय बोलली, कोणत्या दुकानदाराने पाटीवर स्वतःचेच नाव चुकीचे लिहून दिले, कोणाच्या शर्टाच्या खिशात काय सापडले, असल्या गप्पा चालत. आधी रविवारी एक बाटली असे. मग रोज एक झाली. मग धाकट्या सकाळीही एक रिकामी करू लागला, कारण दिवसभर शिडीवर, उन्हात, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे म्हणजे घसा कोरडा पडतोच. पुढे पुढे तो दिवसाला चार-चार बाटल्या पिऊ लागला. ताई कामावर जाण्याआधी माझ्या दारातला कप्पा भरून जाई. एकही जागा मोकळी दिसता कामा नये.

शेजारपाजारचे म्हणत, "पेंटर म्हणजे सोन्यासारखा माणूस. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही."

"माझं व्यसन एकच, आणि तेही गोड," असे म्हणून तो हसे.

मग त्याला अशी तहान लागू लागली की पाणी पिऊन भागेना. तो सुकत चालला. पँट कमरेवर राहीना. एकदा एका दातांच्या दवाखान्याची पाटी त्याने रंगवली आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई खाली उभ्या राहून म्हणाल्या, "पेंटर, ही ओळ उतरतीला का लागली आहे?" त्याने शिडीवरून उतरून पाहिले, तर त्याला ओळ सरळच दिसत होती. हे तो घरी येऊन सांगत होता तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. त्या बाईंनीच त्याला आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे धाडले.

रक्तातली साखर चारशेच्या घरात निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देईन, पण त्या बाटल्या चालू राहिल्या तर माझ्या गोळ्या म्हणजे फुटक्या छपराखाली ठेवलेली वाटी. डोळे हवे आहेत ना?"

ज्याचे पोट डोळ्यांवर चालते त्याला आणखी काय सांगायचे? मित्रांनो, मला वाटले, संपले. उद्यापासून बाटल्या बंद. सवय सोडणे म्हणजे दार लावण्याइतके सोपे असेल अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी त्याचे डोके दुखले. दुसऱ्या दिवशी त्याने ताईवर आवाज चढवला, तोही मीठ जास्त झाले म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याने माझे दार सात वेळा उघडले, आत पाहिले आणि बंद केले. आठव्या वेळी मला लाथ घातली. तो पोचा अजून माझ्या अंगावर आहे. पाचव्या दिवशी ताईला रंगाच्या डब्यांमागे, टर्पेंटाइनच्या कॅनला टेकून ठेवलेली एक बाटली सापडली. अर्धी प्यायलेली, कोमट.

"धाकट्या, हे काय?"

तो मान खाली घालून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, पण शाळेत चोरी पकडलेल्या पोरासारखा. "ताई, सुटत नाही गं," तो म्हणाला. "तोंडाला सारखं पाणी सुटतं. वेड लागेल मला."

"एकदम नको सोडूस. अर्ध्याची पाव कर. पण मला फसवू नकोस."

मग त्यांनी तसेच केले. ग्लासभराचा अर्धा ग्लास, अर्ध्यात निम्मे पाणी, मग नुसता रंग येण्यापुरते, मग एक दिवस नुसते पाणी. कोपऱ्यावरच्या दुकानावरून जायचे नाही म्हणून तो लांबच्या रस्त्याने फिरून येऊ लागला. आणि संध्याकाळची ती वेळ, जेव्हा जीव सगळ्यात जास्त कासावीस होई, ती टाळायला तो बाहेर चालायला जाऊ लागला. एक तास, कधी दीड तास. तीन महिन्यांनी त्याची साखर उतरली. उतरतीला लागलेल्या ओळी पुन्हा सरळ येऊ लागल्या. जो भेटेल तो त्याची पाठ थोपटी. त्यालाही आपला अभिमान वाटू लागला. लोकांच्या हातातली बाटली बघून तो उपदेश करी.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी ती किती आनंदाने सांगितली असती!

पण तो नुसत्या पाण्यावर आला त्या दिवशी माझ्यात सात बाटल्या उरल्या होत्या. "ओतून टाक मोरीत," धाकट्या म्हणाला होता. ताईने मान डोलावली. पण आयुष्यभर भाताचे शीतही वाया न घालवलेली बाई ती. तिच्याने ओतवेना. ती लाँड्रीतून यायची तेव्हा घर रिकामे असे, कारण तो चालायला गेलेला असे. वाफेपुढे आठ तास उभी राहिल्याने तिचा चेहरा उकडल्यासारखा लाल झालेला असे. ती माझे दार उघडी आणि उभ्याउभ्याच बाटली तोंडाला लावी. माझ्या दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडे. समोर कोणी बसायला नाही, मग ग्लास कशाला घ्यायचा?

सात बाटल्या सात दिवसांत संपल्या. आठव्या दिवशी ती दार उघडून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. नवव्या दिवशी तिने आपल्या पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या खालच्या खणात, पालेभाजीच्या जुडीखाली, आडवी निजवली. धाकट्या त्या खणाला कधी हात लावत नसे.

असे दोन वर्षे चालले. पुढे एकीच्या दोन झाल्या. रिकामी बाटली ती धुऊन पिशवीत घाली आणि सकाळी जाताना बाहेर नेऊन टाकी. तो परतला की ती हसून विचारी, "चाललास का भरपूर? पाणी प्यायलास?" तो सगळे सांगे. किती पावले चाललो, किती घाम आला, आज कसा मोह टाळला. ती ऐके. तिला काय झाले ते तो विचारत नसे. त्याचा दोष काढायचा नाही मला. त्याच्या मनात ते आलेच नाही. ताई म्हणजे त्याच्या लेखी घराची भिंत. भिंतीला कोणी विचारते का, बरी आहेस ना?

मी मात्र पाहत होतो. ती रात्रीतून चारदा उठे. सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावी. बसल्याबसल्या पायाला मुंग्या येतात म्हणून तळवे जमिनीवर आपटी. भावाच्या बाबतीत यातले एकेक लक्षण तिने टिपले होते, स्वतःच्या बाबतीत म्हणे, "वय झालं आता." मी थरथरलो, घरघरलो, एकदा खालच्या खणात एवढे पाणी साठवले की भाजी सडली. तिने खण पुसला, भाजी बदलली आणि बाटली पुन्हा होती तिथे ठेवली.

एके दिवशी लाँड्रीत गरम इस्त्री घसरून तिच्या पावलाला चाटून गेली. तिला कळलेच नाही. कळले नाही हीच तर खरी भीतीची गोष्ट होती. तिने मोजा चढवला आणि काम करत राहिली. दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, धाकट्या दूध काढायला माझ्यापाशी आला आणि थबकला. माझ्या पायाशी फरशीवर ओले, तांबूस ठसे उमटले होते. ओट्यापासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून ओट्यापर्यंत.

"ताई, पाय दाखव."

"काही नाही रे, जरासं भाजलंय."

"पाय दाखव म्हणतो ना!"

त्याने स्वतः मोजा उतरवला. त्याने तिला उचलले आणि तसाच बाहेर पडला. दार उघडेच राहिले.

तिची साखर त्याच्यापेक्षाही जास्त निघाली. जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी एक आठवडा वाट पाहिली आणि मग तिचा पाय घोट्याच्या वरून काढला.

ती दवाखान्यात असताना धाकट्या एकदा घरी आला. तिच्यासाठी काहीतरी शिजवावे म्हणून त्याने पहिल्यांदाच माझा खालचा खण ओढला. जुडी उचलली. बाटली दिसली. तो ती हातात घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला, पाठ माझ्या दाराला टेकून. मी चालू होतो. माझी थरथर त्याच्या पाठीत जात असेल आणि त्याचे हुंदके माझ्या पत्र्यात येत होते. कोण कोणाला हलवत होते, सांगता येत नाही.

महिन्याभराने ती घरी आली. लाँड्रीतले काम अर्थातच सुटले. धाकट्याने तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. माझ्या दारातल्या कप्प्यात आता तिच्या इंजेक्शनच्या कुप्या उभ्या होत्या. पहिले काही दिवस त्याने विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी त्याला राहवेना.

"मला का नाही सांगितलंस ताई?"

"तू सुटत होतास रे. त्यात माझं कुठे मध्येच काढू?"

"पण एका शब्दानं तरी..."

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. रागाने नाही. साखर किती टाकू, असे विचारावे तितक्या साध्या आवाजात. आणि मग, "मला ते गोड फार आवडायचं असंही नाही. तू नसायचास. ते पिताना वाटायचं, बसला आहेस समोर."

धाकट्याने त्या दिवसापासून संध्याकाळचे चालणे पहाटेवर नेले. संध्याकाळी तो तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसतो. दोन ग्लास साधे पाणी भरतो. पहिल्या दिवशी तिने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"बेचव आहे."

"आहेच," तो म्हणाला. "पहिले वीस दिवस लागतंच. डोकं दुखेल. माझ्यावर ओरडावंसं वाटेल. ओरड."

ती ओरडली. एकदा ग्लास फेकला. एकदा शेजारणीच्या मुलीला हळूच "बाटली आणतेस का?" म्हणाली आणि मुलीने ती आणली, तेव्हा ताई स्वतःच रडू लागली. तरीही तिने सोडले. गेले सात महिने तिने एक घोट घेतलेला नाही. पण गेलेला पाय काही परत येत नाही, आणि डाव्या डोळ्यापुढचे धुके डॉक्टर म्हणतात आता राहणारच. दुपारी धाकट्या कामावर असतो तेव्हा ती खुर्चीत बसून मांडीवरच्या उशीच्या अभ्र्यावरून हात फिरवत असते. एकाच सुरकुतीवरून, पुन्हा पुन्हा. ती हसते, पण पहिल्यासारखी नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात फ्रिजची काय गोष्ट? माझी एवढीच की दोन वर्षे रोज मी तिला पाहिले आणि सांगू शकलो नाही. मी तिच्यासाठी ती बाटली गारच करत राहिलो. तेच माझे काम होते. गोड पाण्याची सवय वाईट हे तुम्हाला शाळेत शिकवतील, डॉक्टर सांगतील, आणि ते खरेच आहे. सुटते ती सवय, वीस दिवस सोसले की सुटते. पण घरातला एक जण बरा होत असताना सगळे त्याच्याचकडे पाहत असतात, तेव्हा दुसरे कोणीतरी त्यांच्या पाठीमागे एकटेच उभे असते. मला दार आहे, तोंड नाही. तुम्हाला तोंड आहे. आज घरी गेलात की सगळ्यांचे ग्लास जी भरते किंवा जो भरतो, त्या माणसाजवळ जरा बसा आणि विचारा, "तू काय प्यायलीस? तू काय प्यायलास?"

आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.