भरती-ओहोटीचं पुस्तक

शब्दकोशाच्या मागे दडवलेलं पत्र एल्विन प्रॅटने काढलं आणि न उघडताच टेबलावर ठेवलं. ते त्याला पाठ होतं. नोव्हेंबरात ॲरिझोनाच्या छावणीतून आलं, तेव्हा उद्या उत्तर लिहू, असं त्याने ठरवलं होतं. आता मार्च संपत आला होता.

किमिये हामासाकीने थोडकंच मागितलं होतं. जपानशी युद्ध पेटल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने किनाऱ्यावरची सगळी जपानी घरं रिकामी झाली; तिच्या वडिलांना मात्र त्याआधीच उचलून दूरच्या कोठडीत ठेवलं होतं. आरोप नाही, वकील नाही. पुरावा एवढाच, की स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या माणसाने वाचनालयातून भरती-ओहोटीचं पुस्तक नेलं होतं; शत्रूच्या बोटींना किनारा दाखवायला, असा संशय. ‘बाबा रविवारी गळ टाकायला जायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तक तुम्हीच सुचवलंत. सुनावणीआधी एवढं लिहून द्याल का?’

सुनावणी डिसेंबरात झाली. हामासाकी आतच राहिले. काल तिचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं होतं : फेरसुनावणी एप्रिलमध्ये आहे.

“पुन्हा तेच?” बटाटे सोलता सोलता बहीण हेस्टर म्हणाली. “वाचनालयाच्या कमिटीला कळलं तर नोकरी जाईल. मग काय, तुझी पुस्तकं शिजवून घालू?”

“पुस्तक मी सुचवलं होतं, हेस्टर.”

“सुचवलंस. तो काय गुन्हा आहे? आणि सरकारी माणसं येऊन पुस्तक नेल्याच्या नोंदीचं कार्ड मागतात, तेव्हा नाही म्हणणारा तू कोण? लढाई चालू आहे.”

एल्विनने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“त्यांनी मागितलं नव्हतं.”

हेस्टरची सुरी थांबली.

“जपानी कुणी येतात का, एवढंच विचारलं. खण मी उघडला. कार्ड मी शोधून दिलं. त्यांनी पाठ थोपटली.” तो टेबलाकडे पाहत राहिला. “मला बरं वाटलं होतं.”

हेस्टरने सुरी खाली ठेवून विचारलं, “हेही लिहिणार आहेस?”

त्याने चार कागद फाडले. त्या सगळ्यांत परिस्थितीविषयी बरंच काही होतं. पाचवा एका पानात संपला.

पोस्टात खिडकीमागच्या डेल्बर्टने पत्ता मोठ्याने वाचला. रांगेतल्या दोन बायका वळून पाहू लागल्या.

“जपान्यांना पत्रं लिहिता होय, प्रॅट? युद्धात कुणाच्या बाजूचे तुम्ही?” मग पाकीट उलटंपालटं करून त्याने आवाज उतरवला. “पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाहीत. शहाणे आहात. राहू द्या तसंच.”

एल्विनचे कान तापले. पत्ता लिहिताना ती जागा त्याने कोरी सोडली होती, आणि ती विसरून सुटलेली नव्हती.

“पेन देता जरा?”

त्याने कोपऱ्यात पूर्ण नाव लिहिलं, खाली ‘ग्रंथपाल’, खाली घराचा पत्ता. शाई वाळल्यावर त्याने पाकीट पुढे सरकवलं. डेल्बर्टने शिक्का मारून पाकीट पिशवीत टाकलं.

“पुढे या,” तो पुढच्या बाईंना म्हणाला.