माव्याचा की हाताचा

तपासनीस बाई पेटी घेऊन रोपवाटिकेच्या फाटकाशी उतरल्या, तर त्यांना घ्यायला दोघी आल्या, आणि दोघी दोन वेगळ्या वाटांनी आल्या. पुढच्या त्या आक्का. रोपवाटिका त्यांनीच उभी केलेली, माती ओढण्यापासून. मागची त्यांची भावजय, धाकट्या भावाची बायको, घरात येऊन फार काळ न झालेली.

"आधी माझ्याशी बोला," आक्का म्हणाल्या, भावजयीला नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात.

आतल्या टेबलांवर काकडीच्या रोपांचे ट्रे मांडले होते. ही साधी रोपं नव्हेत, कलमी. भोपळ्याचं मूळ दणकट, काकडीचं नाजूक. म्हणून भोपळ्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा पात्याने उडवायचा, त्या जागी काकडीचा शेंडा बसवायचा आणि इवलीशी क्लिप लावायची. देवाने दोन वेली वेगळ्या केल्या, माणसाने त्यांचा संसार मांडून दिला. पण या संसारात एक धोका असतो. एका रोपाचा रोग पात्यावर बसून पुढच्या प्रत्येक रोपात जातो. म्हणून दर ट्रेआधी हात आणि पातं दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवायचं. दुधाने हा रोग निकामी होतो. नवखी पाहुणी टेबलावरची दुधाची वाटी बघून विचारते, चहा कधी मिळणार?

"हे बघा," आक्कांनी एक रोप पुढे धरलं. पान सुरकुतलेलं, त्यावर फिकट-गडद हिरवे चट्टे. "आमच्याकडे कधी केवडा रोग पडला नव्हता. कधीच नाही. आणि आता बघा, घरात माणूस वाढलं, नि रोगही आला."

"मावा दिसतो का कुठे?" बाईंनी विचारलं. पानांचा रस शोषणारा हा बारीक किडाही असा रोग पसरवतो.

"मावा कसला! ते पिवळे चिकट सापळे बघा, कोरे आहेत. हा हाताने पसरलेला आहे. तिच्या भावाचीही रोपवाटिका आहे, ठाऊक आहे ना? दर सुट्टीला माहेरी पळते. आली की मी आधी तिच्या चपला बघते. तुम्ही फक्त सांगा, माव्याचा की हाताचा. हाताचा निघाला तर ती पुन्हा या टेबलाशी उभी राहायची नाही. माझ्या भावाला सांगून ठेवलंय मी."

म्हणजे बाईंच्या पेटीत रोगाचा निकाल होता आणि एका सुनेची जागाही होती. बाई हात धुवायला मोरीकडे गेल्या, तर तिथे भावजय साबण घेऊन उभी.

"वन्सं काय म्हणाल्या ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "मला पाठच आहे. पण मी माहेराहून आले की अंगावरचे कपडे बदलून मगच आत येते. लग्नाच्या आधीपासूनची सवय आहे. आमच्याकडे आईसुद्धा रागावायची."

"मग घाबरतेस कशाला?"

"मी नाही घाबरत." तिने मोरीबाहेर डोकावून पाहिलं. "पण माझ्या टेबलाची रोपं कुणी हलवतं. संध्याकाळी एका ओळीत ठेवलेले ट्रे सकाळी तिरपे असतात. कोण हलवतं, ते मी म्हणत नाही."

बाई तिथून निघाल्या आणि दाराशी आक्कांचा भाऊ आडवा आला. बिचारा दोघींच्या मध्ये राहून राहून हळू बोलायलाच शिकला होता.

"बाई, एक विनंती. मावाच सांगा ना."

"तपासायच्या आधीच?"

"माव्याचं बरं असतं हो. त्याला सासर-माहेर नसतं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठातच ठेवलं. मधल्या टेबलावर पेटी उघडली. चट्टे पडलेलं पान छोट्या पिशवीतल्या द्रावणात चुरडलं आणि त्यात दोन पट्ट्या सोडल्या. एक माव्याने पसरणाऱ्या विषाणूची, दुसरी हाताने पसरणाऱ्याची. पट्टीवर एक रेघ उमटली तर पट्टी ठीक चालली एवढंच कळतं. दुसरी रेघ उमटली तर तो विषाणू पानात आहे.

तिघं तीन बाजूंना उभी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि सगळी एकमेकांना बघत होती.

माव्याच्या पट्टीवर एकच रेघ राहिली. दुसऱ्या पट्टीवर आधी एक आली. मग तिच्याखाली, लाजत आल्यासारखी, दुसरी.

"हाताचा," बाई म्हणाल्या.

आक्कांनी सुस्कारा सोडला, तो दुःखाचा नव्हता. भाऊ खाली बघू लागला. भावजयीने ओढणी खांद्यावर घट्ट केली आणि ती जागची हलली नाही.

"झालं तर मग," आक्का म्हणाल्या.

"अजून नाही झालं. हे पान कुणाच्या टेबलाचं?"

प्रत्येक ट्रेमध्ये रंगीत काडी खोचलेली असे. कलम कुणी केलं ते तिच्यावरून कळे. हे पान ज्या ट्रेमधलं, त्यातली काडी लाल होती. लाल म्हणजे आक्का.

बाईंनी आता निळ्या काडीचे, भावजयीचे, ट्रे घेतले. या कोपऱ्यातलं एक पान, त्या कोपऱ्यातलं एक, मधलं एक. पट्टीमागून पट्टी. सगळ्यांवर एकेकच रेघ. मग पुन्हा लाल काडी, आणि पुन्हा दोन रेघा.

"बघितलंत?" आक्कांचा आवाज चढला. "स्वतःचं सांभाळलं नि माझ्यात कालवलं! म्हणूनच मी संध्याकाळी हिचे ट्रे तपासत होते. हिचं एक पान पिवळं पडत नव्हतं, तेव्हाच मला शंका आली."

"म्हणजे ट्रे तुम्ही हलवत होतात," भावजय म्हणाली.

"बघत होते. पानाला हात नाही लावला. माझ्याच घरात मी बघायचं नाही?"

"बघा की. पण बघून मला बोलायचं. भिंतींना काय सांगता?"

"आक्का, राहू दे आता," भाऊ म्हणाला.

"का राहू दे? पुरावा आहे माझ्याकडे!"

आक्कांनी एप्रनच्या खिशात हात घातला आणि घडी केलेला रुमाल काढला. रुमालात एक सुकलेलं पान होतं. सुकलं तरी त्यावरचे चट्टे ओळखू येत होते.

"हे हिच्या भावाकडचं. मी स्वतः आणलंय. तो नव्हता, कामाची माणसं मला ओळखत नाहीत, गिऱ्हाईक म्हणून आत गेले. तिथे हाच रोग आहे. लावा तुमची पट्टी."

बाईंनी पट्टी लावली. दोन रेघा. भावजयीचा चेहरा उतरला. भावाकडे रोग आहे हे तिला आत्ताच कळत होतं. आक्का विजयाने सगळ्यांकडे बघत होत्या. पण बाई पट्टीकडे बघत नव्हत्या, रुमालाकडे बघत होत्या.

"हे पान कधी आणलंत?"

"बरेच दिवस झाले. पुरावा म्हणून जपून ठेवलंय."

"तुमच्या ट्रेवर चट्टे दिसायच्या आधी?"

"आधीच. तेव्हा मला फक्त हिच्या येण्या-जाण्याचा संशय होता. म्हणून तर गेले."

"आणि ठेवलंत कुठे?"

"खिशातच. ही खोल्या आवरते, कपाटात ठेवलं असतं तर हिने टाकून दिलं असतं."

"आणि पातं दुधातून काढल्यावर कशाने पुसता?"

आक्का बोलायला लागल्या आणि थांबल्या. त्यांचा हात आपोआप रुमालाकडे गेला होता. दुधात बुडवलेलं पातं त्या दर वेळी खिशातल्या याच रुमालाने कोरडं करत. स्वच्छतेची सवय. ओलं पातं घसरतं, बोट कापतं.

"सुकलं पान म्हणजे मेलेला रोग नव्हे," बाई शक्य तितक्या मायेने म्हणाल्या. "हा विषाणू सुकूनही टिकतो. दुधाने पात्यावरचा गेला असेल, रुमालाने पुन्हा दिला."

 बाहेर पाण्याचा पंप चालू झाला आणि बंद झाला. आक्कांनी रुमाल टेबलावर ठेवला, मग टेबलावर ठेवायला नको हे ध्यानात येऊन पुन्हा उचलला, आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभ्या राहिल्या. तपासनीस बाईंनी एक पिशवी उघडून पुढे केली.

"लाल काडीचे सगळे ट्रे जाळावे लागतील," बाई म्हणाल्या. "एप्रनही."

आक्कांनी मान हलवली. तेवढ्यात भावजयीने फोन काढला होता.

"दादाला सांगायला हवं. त्याच्याकडची रोपं आजही विकली जात असतील."

"काय सांगणार?" तिचा नवरा म्हणाला. "तुला कसं कळलं विचारलं तर?"

"विचारणारच. तो वन्संपेक्षा संशयी आहे." ती फोनकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर नणंदेची नाचक्की. नाही सांगितलं तर भावाला वाटणार, बहीणच सासरी जाऊन आपल्या रोपांची बदनामी करते.

"आण इकडे," आक्का म्हणाल्या. हात धुऊन आल्या, दुधातही बुडवले, आणि फोन लावून आपलं नाव सांगितलं.

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू येत होता. "अरे वा, ताई! आज तुमचा आवाज? माझी बहीण बरी आहे ना?"

"बरी आहे. ऐका. तुमच्या काकडीत हाताने पसरणारा रोग आहे. पट्टीवर तपासलंय. विक्री थांबवा आणि तपासणी करून घ्या."

 मग तोच आवाज, पण गोडवा गेलेला. "तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या आत येऊन कोण बघून गेलं? माझ्या बहिणीने काही—"

"तिने नाही. मी आले होते. तुम्ही नसताना, गिऱ्हाईक म्हणून. पान चोरून आणलं."

"कशाला?"

आक्कांनी फोन कानावरून काढला नाही. भावजय समोरच होती. तिच्याकडे बघूनच त्या म्हणाल्या, "हिला पकडायला."

पलीकडून एकदम बरंच बोलणं सुरू झालं. भावजयीने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसून ऐका, वन्सं," ती म्हणाली. "तो लवकर सोडायचा नाही."