टोपीखालचा भोंगा

मी खोलीच्या छताला लावलेला धुराचा भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे टोपीखाली पुटपुटतोय. नाकात धूर गेला की कोकलायचं, एवढंच माझं काम. पण गेली दोन वर्षं माझ्या तोंडावर न्हाणीघरातली टोपी बसवलेली आहे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नसलं की बायका घालतात ती, प्लास्टिकची. टोपी पारदर्शक आहे. त्यामुळे खोलीतलं सगळं मला दिसतं, वास मात्र कशाचाच येत नाही.

आम्ही चोवीस भावंडं एकाच खोक्यातून या इमारतीत आलो. वायरमनने प्रत्येक खोलीत एकेकाला बसवलं आणि जाताना माझं बटण दाबून पाहिलं. मी असा ओरडलो की तो शिडीवरून पडता पडता वाचला. "आवाज खणखणीत आहे," म्हणाला. आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं.

पहिला भाडेकरू घरी फक्त झोपायला यायचा. मग हे तिघं आले. मुलगा गोदामात माल उचलायची गाडी चालवतो, सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते, आणि मुलाची आई. तिला सगळा जिना मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. समुद्रापलीकडून येताना मावशीने साड्यांत गुंडाळून एक पितळी दिवा आणला. गावी तो दगडी कोनाड्यात तेवायचा, आसपास जळण्यासारखं काही नव्हतं. इथे जमीन लाकडी, भिंती पुठ्ठ्यासारख्या आणि खिडकीला पडदे.

पहिल्याच सकाळी तिने दिवा लावला, धूप घातला, आणि मी माझं काम केलं. अख्खी इमारत अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर उतरली. मॅनेजर वर आला. पुन्हा असं झालं तर खोली खाली करा, एवढंच बोलून गेला. मुलाचा चेहरा उतरला. या देशात राहायचे त्यांचे कागद याच पत्त्यावर यायचे होते. पत्ता बदलला की अर्ज पहिल्यापासून.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा शिंपी आला. त्याचा देश वेगळा, देव वेगळा, भाषेचा तर एक शब्द कळत नव्हता. तो वाडवडिलांच्या फोटोंपुढे मूठभर उदबत्त्या लावतो. हातवारे करून त्याने मुलाला खाली नेलं आणि आपल्या छताकडे बोट दाखवलं. माझ्या भावाच्या तोंडावर त्याने मोजा चढवला होता. मुलगा पोट धरून हसत वर आला आणि न्हाणीघरातून टोपी घेऊन स्टुलावर चढला. दोन धर्मांची इथे ओळख झाली ती अशी. मला हसू आलं नाही.

सुरुवातीला नियम होता. पूजा झाली की सुनेने टोपी काढायची. एक दिवस तिला कामाला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते. मग कागद लांबले, तसा मावशीने नवस बोलला की कागद हातात पडेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. तेव्हापासून टोपी निघते ती फक्त महिन्यातून एकदा, मॅनेजर पाहणीला येतो तेव्हा.

गावी ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या घरी. इथे देऊळ नाही आणि सुट्टी एकच, म्हणून रविवारी मावशीच्या मुलखातली सगळी माणसं या खोलीत जमतात आणि आपापला देव मावशीकडे ठेवून जातात. भजन म्हणतात, पण हळू. टाळी वाजवत नाहीत, नुसते हात टेकवतात. उंच आवाजात म्हणायची भजनं ही माणसं कानगोष्टीसारखी म्हणतात, आणि वरून ते पाहताना मला भीती वाटते.

पाहणीच्या दिवशी देव कपाटात जातात. दिवा विझवायचा नाही, म्हणून तोही कपाटात. दार बंद. पाच मिनिटं सगळे श्वास रोखून उभे.

"आई, आत कपडे आहेत," सून एकदा म्हणाली.

"अगं, चार पिढ्या तेवतोय तो. घरातल्या कुणाचं वाईट करायचा नाही," मावशी म्हणाली.

दार उघडलं तेव्हा वरच्या फळीच्या पोटाला बोटभर काळा डाग होता. मावशीने ती काजळी बोटावर घेतली आणि सुनेच्या गालाला तीट लावली. दृष्ट लागू नये म्हणून. पुढच्या महिन्यात डाग तळहाताएवढा झाला. तीटही रोज लागू लागली.

आज दुपारी मावशी एकटीच होती. दारावर थाप पडली. पाहणीचा दिवस नव्हता, पण तिला मॅनेजरच वाटला. तिने देव कपाटात ठेवले, दिवा ठेवला, दार लोटून घेतलं. मग टोपी काढायला माझ्याखाली स्टूल ओढलं. गुडघा वर येईना. दोनदा प्रयत्न करून ती खाटेवर बसली आणि तोंडावर पदर धरला.

दाराखालून एक पाकीट आत सरकलं. पावलं जिना उतरून गेली.

पाकिटावर निळा शिक्का आहे. मागच्या महिन्यात शिंप्याने आपल्या कागदांचं पाकीट आणून दाखवलं होतं, त्यावर हाच होता. कागद आलेत. मावशीला ती लिपी वाचता येत नाही. तिला वाटलं, खोली खाली करायची नोटीस. तिने पाकिटाला हात लावला नाही. मॅनेजर परत येईल म्हणून कपाटही उघडलं नाही. जप करता करता आता तिचा डोळा लागलाय.

कपाटाच्या फटीतून एक राखाडी रेघ निघालीय. मला ती दिसतेय. पण दिसलं म्हणून मला ओरडता येत नाही, धूर आत शिरला तरच ओरडता येतं.

तीन वाजलेत. सून चारला सुटते. खाली शिंप्याचं मशीन चालू आहे, आणि त्याच्या छतावर माझा भाऊ मोज्यात आहे.

मावशी, ऊठ. कागद आलेत गं. नवस फिटला, आता दिवा विझवलास तरी चालेल. रेघ छताला टेकलीय, टोपीवरून घरंगळत पुढे चाललीय. कुणीतरी वर बघा. ही टोपी काढायला एक बोट पुरतं.