सहाशे वीस कॅलरी

रविराजचं लिव्हर निकामी झालं, तेव्हा आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला त्याची बायको वर्षालीच पुढं झाली. रक्तगट जुळला. पण तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. दोन महिन्यांत सात किलो वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वर्षाली चाकणच्या एका कंपनीत आठ तास लाइनवर उभी असायची. शिफ्ट सुटली की मोशीला बसमधून उतरून ती तशीच इंद्रायणीच्या कडेनं झपाझप चालू लागायची. रविराजनं स्वतःचं स्मार्टवॉच तिच्या मनगटावर बांधलं होतं. तासाभरानं त्यावर आकडा यायचा, सहाशे वीस कॅलरी. घरी येऊन ती तो त्याला दाखवायची. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी तो बघायचा आणि जरासा हसायचा.

हॉस्पिटलनं दिलेल्या आहाराच्या कागदाप्रमाणे खाल्लं की लाइनवर चक्कर यायची. मग तिनं ठरवलं, एवढ्या कॅलरी जळतायत, तर रोज दीड भाकरी जास्त खाल्ली म्हणून काय बिघडतंय?

दोन महिन्यांनी काट्यावर दीडच किलो कमी भरलं. आहारतज्ज्ञ दीपमाला मॅडमनी सगळं विचारून घेतलं, मग घड्याळाचं अ‍ॅप उघडायला लावलं. त्यात पुरुष, वय एक्केचाळीस, वजन चौऱ्याण्णव असं भरलेलं होतं.

"घड्याळ नुसता अंदाज करतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि हा अंदाज तुमचा नाही, तुमच्या मिस्टरांच्या अंगाचा आहे. तुमच्या निम्म्याच जळत असतील."

वर्षाली एकाहत्तर किलोची होती. आपण खाल्लेली एकेक भाकरी तिला तिथंच आठवायला लागली. घरी आल्यावर रविराजनं विचारलं, तर रिपोर्ट यायचाय म्हणाली.

त्यानंतर तिनं भाकरी सोडली. शिफ्टच्या आधी चालली, नंतरही चालली. एकदा लाइनवरच कोसळली, पण सुट्टी घेतली नाही. महिन्याभरात साडेपाच किलो उतरले आणि लिव्हरची चरबीही गेली. पण त्याच आठवड्यात रविराजच्या पोटात साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, त्याला आयसीयूत हलवलं.

"तुम्ही आता तयार आहात," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांना ऑपरेशन सोसणार नाही. महिन्यापूर्वी झालं असतं."

चौथ्या दिवशी रविराज गेला.

भेटायला येणाऱ्या बायका तिचे दंड चाचपून बघायच्या. नवऱ्याच्या दुःखानं किती वाळली बिचारी, असं तिच्यादेखत म्हणायच्या. सासू भिमाबाईही सगळ्यांना सांगायच्या, की माझ्या सुनेनं लेकासाठी काहीच करायचं बाकी ठेवलं नाही. वर्षाली मान खाली घालून ऐकत बसायची. त्या दीड भाकरीचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, रविराजलासुद्धा नाही.