अशक्ताला दुप्पट

थोरलीला घरात सगळे 'वकिलीणबाई' म्हणत. ती वाद घालायला लागली की समोरचा आपला मुद्दा विसरायचा, पण ही विसरायची नाही. अकरा म्हशींचा गोठा तिचा, धाकट्या भावाचा आणि अण्णांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा. अण्णांना हल्ली नीट दिसत नसे, पण गोठ्यातला शेवटचा शब्द त्यांचाच असे.

या खेपेचा वाद पाच महिन्यांच्या पारडीवरून होता. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. तिची आई गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस. ती विताना दगावली आणि तिच्या वाणाचं मागे उरलं ते एवढंच रेडकू. थोरलीनं त्याला बादलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता त्या चांदीची कातडी बिघडत चालली होती. डोळ्यांभोवतीचे केस गळले, गुडघ्यांवर आणि नाकपुड्यांच्या कडेला जाड पांढुरके पापुद्रे धरले, मानेला भेगा पडल्या. अंग धरायचं तर नावच नको.

"खरूज आहे," धाकटा म्हणाला. "मागं तीन पारड्या अशाच झाल्या होत्या, तिघींना बाहेर काढलं. हिलाही शुक्रवारच्या गाडीत चढवू. एकीपायी सगळा गोठा खाजवत बसायचा."

"ती गाडी कुठं जाते, माहीत आहे ना तुला?"

"आहे की. तुलाही आहे."

"खरूज असती तर हिनं अंग घासून घासून खांब झिजवला असता," थोरली म्हणाली. "एकदा तरी खाजवताना पाहिलंस? शेजारची दोन रेडकं हिला चिकटून बसतात, त्यांना का नाही झाली?"

धाकट्यानं विषय पुन्हा गाडीवरच आणला. शेवटी त्यानं महिनाअखेरच्या शुक्रवारापर्यंत मुदत दिली, आणि ती वाढणार नाही हे दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी पात्यानं कातडी खरवडून नेली आणि संध्याकाळी कळवलं, की किडा एकही सापडला नाही. मग त्या स्वतः पुन्हा आल्या.

"दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गुडघे सारखे. हे बाहेरून आलेलं नाही, आतलं आहे. जस्त कमी पडलंय हिला, झिंक. ते नसलं की कातडी अशी होते, वाढही खुंटते. ही पूड रोज द्या, पंधरा दिवसांत फरक दिसेल. आणि हिच्या तोंडात काय काय जातं ते सगळं एका कागदावर लिहून द्या."

थोरलीनं ठळक अक्षरात लिहिलं: दूध, पेंढा, कोंडा, पेंड, चिमूटभर मीठ. डॉक्टरीणबाईंनी वाचून मान हलवली.

बारा दिवस पूड गेली. फरक काडीचा नाही, उलट डाव्या गुडघ्यावर नवी भेग पडून रक्त आलं. धाकटा काही बोलेनासा झाला, आणि तेच थोरलीला जास्त झोंबत होतं. तो भांडला असता तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

तेराव्या दिवशी सकाळी ती चांदीची पाण्याची बादली घासत होती. आतून बोटभर पांढरा थर बसला होता. तो नखानं खरवडता खरवडता तिचा हात थांबला. रोज सकाळी रेडकांच्या पाण्यात ती मूठभर चुना कालवत असे. अण्णांचा नियमच होता तो. हाड पक्कं तर म्हैस पक्की, आणि जे रेडकू अशक्त त्याला दुप्पट. चांदीला तर आई नाही म्हणून पहिल्या दिवसापासून दुप्पट. कागदावर चुना नव्हता.

तिनं तिथूनच फोन लावला.

"चुना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, लिहिला का नाहीत?"

"मला वाटलं, ते पाणी आहे. पाणी कुठं खाण्यात धरतात?"

"चुना जास्त झाला की जस्त अंगी लागत नाही हो. एका हातानं देताय आणि दुसऱ्या हातानं काढून घेताय. आधी तो बंद करा."

थोरलीला स्वतःचा असा राग आला, की बादलीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, कारण पारडी बुजली असती. तिनं बादली लख्ख केली, कोपऱ्यातलं चुन्याचं मडकं उचललं आणि निघाली. दारात अण्णा बसले होते.

"काय नेतेस?"

"चुना. आजपासून बंद."

"तुझ्या आजोबांपासून आहे तो या गोठ्यात."

"माहीत आहे."

"आणि हाडं ठिसूळ झाली म्हणजे? बोल की, एरवी वकिली करतेस."

"आज वाद घालत नाही, अण्णा. सांगतेय."

अण्णांनी तोंड फिरवलं आणि अबोला धरला. काही हवं असलं तर म्हशींना सांगत. "बघ गं, कुणाला चहाची आठवण होतेय का." थोरली चहा आणून देई आणि म्हशीलाच म्हणे, "गरम आहे म्हणावं." पूड चालू राहिली, साधं पाणी चालू राहिलं. पाचव्या दिवशी पापुद्रे सैल झाले. नवव्या दिवशी ते गळायला लागले आणि खाली मऊ, ओलसर कातडी दिसली. चांदी आता बादलीत तोंड घालून ती ढकलत पुढं न्यायला लागली होती.

शेवटच्या शुक्रवारी गाडी फाटकाशी येऊन थांबली. धाकट्यानं चांदीचं दावं सोडून तिला उजेडात आणलं. डोळ्यांभोवती बारीक काळी लव आली होती. त्यानं ती बोटानं उलटसुलट केली, दावं थोरलीच्या हातात दिलं आणि गाडीवाल्याला परत पाठवायला गेला.

"इकडे आण तिला," अण्णा म्हणाले. चौदा दिवसांनी ते थोरलीशी बोलले होते.

त्यांनी चांदीचे दोन्ही गुडघे चाचपले, मान चाचपली, नाकपुड्यांच्या कडा चाचपल्या. बराच वेळ हात तिच्या कपाळावर राहिला.

"मागं त्या तिघी काढल्या," ते म्हणाले. "त्याही अशक्तच होत्या ना?"

"हो."

"म्हणजे त्यांनाही दुप्पटच जात होता."

थोरलीला उत्तर शोधावं लागलं नाही. ते गिळून टाकता आलं असतं, पण तिनं गिळलं नाही. "हो अण्णा. मीच कालवून देत होते."

अण्णांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"कागद आण," ते म्हणाले. "गोठ्यातल्या एकेका जनावराच्या तोंडात काय जातं ते लिही. पहिल्यांदा पाणी लिही."