बाळासोची पाळत

नसरीन मॅडमना यातून काय सुटणार होतं, तेवढं बाळासोला सापडत नव्हतं. आठवीची पोरं घेऊन आंबा घाटाजवळच्या जंगलात एक रात्र काढायची, डास चावून घ्यायचे, कुणाला ताप आला तर आयांच्या शिव्या खायच्या, आणि पगार तोच. बढती? ती नोकरीच्या वर्षांवर मिळते. नाव? शाळेत नाव मुख्याध्यापकांचं व्हायचं. फायद्याशिवाय माणूस स्वतःची झोप मोडत नाही, अशी बाळासोची श्रद्धा होती. कोडोलीत एका दूध संस्थेत तो फॅट तपासायला बसायचा. समोर आलेल्या किटलीत आधी पाणी आहे असं धरायचं आणि मग दूध, हे हाडात भिनलेलं. पाहुण्यांनी लग्नपत्रिका दिली तरी उलटी करून बघायचा.

“निसर्ग शिकवत्यात म्हणं,” तो बायकोला म्हणाला. “दिवसा का शिकवत न्हाईत? जंगल काय रातच्याला उघडतंय?”

“तुमी कधी दिवसा काय शिकलासा?” बायको भाकरी थापत म्हणाली. “पोरगी वरीसभर मागं लागलीया. जाऊ दे की.”

पोरीला, म्हणजे मोनाला, गवा बघायचा होता. एवढंच. गेल्या साली वरच्या वर्गातली पोरं पहाटे पाणवठ्यावर गवे बघून आली आणि अजून मिरवत होती.

“पप्पा, मी जातो की. सगळी जायल्यात.”

“जा,” बाळासो म्हणाला.

इतक्या पटकन होकार आला, तेव्हाच पोरीनं सावध व्हायला पाहिजे होतं.

सहलीच्या दिवशी त्यानं संध्याकाळचं दूध संस्थेतल्या अमरसिंहच्या गळ्यात घातलं.

“मयतीला जायाचं हाय.”

“कोण गेलं?”

“लांबचं हाय. तुला न्हाय ठावं.”

आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली.

शिबिराच्या जागेपासून लांब ओढ्यापाशी गाडी लपवून तो करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. तिथून सगळं दिसत होतं. मुली एका खोलीत, मुलगे पार पलीकडच्या. मुलींच्या दारात शाळेच्या मावशी पाय पसरून बसलेल्या. मॅडम स्वतः पोरांच्या ताटल्या विसळून घेत होत्या. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळंच बाळासोचा संशय वाढला. इतकं नीट असतंय व्हय कुठं?

दिवस मावळायला आला तेव्हा शिबिराच्या विश्वजित सरांनी पोरांना एकेका झाडाखाली लांब लांब बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं ऐकायचं. नेमकी मोना बसली ती बाळासोच्या जाळीसमोर. डोळे मिटलेले, मान जरा वर. घरात ही पोरगी अशी गप कधी बसली नव्हती. आपण निघावं, असं बाळासोला पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात चिलट घशात गेलं.

तो खोकला. टॉवेल तोंडात कोंबून पुन्हा खोकला.

मोनानं डोळे उघडले. जाळीकडं मात्र बघितलं नाही.

मग पोरं गोल बसली आणि आपापले आवाज सांगू लागली. रातकिडे. वारा. घुबड, बहुतेक.

“पृथ्वीराजचं पोट,” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

विश्वजित सर हसले नाहीत. “आणि खोकला कुणी ऐकला?”

बरेच हात वर झाले.

“माणूस होता तो. फासे लावणारे येतात इकडं. मॅडम, मी वनरक्षकांना फोन करतो.”

“फासेवालाच कशावरून?” नसरीन मॅडम उठल्याच. “मुली बसल्यात इथं. कोण कशासाठी दडून बसलंय, कुणाला माहीत? सर, ती जाळी बघा आधी. मावशी, पोरींना आत घ्या.”

सरांनी काठी उचलली. जाळीतल्या बाळासोला पळता येत नव्हतं. काट्यांनी पँट धरून ठेवली होती.

“वानर होतं, सर,” मोना म्हणाली.

सर थांबले. वानर खोकल्यासारखं ओरडलं की बिबट्या जवळ आहे समजायचं, हे त्यांनीच दुपारी पोरांना शिकवलं होतं.

“बघितलंस?”

“व्हय. झाडावर होतं. तिकडं पळालं.” तिनं जाळीच्या उलट्या दिशेला बोट दाखवलं.

“नक्की, मोना?” मॅडमनी विचारलं.

“माझ्या डोळ्यांनी बघितलं, मॅडम.”

मॅडम तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तर मग पहाटेचा पाणवठा बंद. बिबट्या फिरत असताना मी एकही मूल बाहेर काढणार नाही.”

पोरांनी गलका केला. पृथ्वीराज तर रडकुंडीला आला. “मोने, गप बसली असतीस तर काय झालं असतं गं?”

मोना उठली, ड्रेसची माती झटकली. “दिसलं ते सांगितलं.”

पोरं आत गेल्यावर बाळासो जाळीतून सुटला. एवढं साफ खोटं हिला कधीपासनं येतंय, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायला परतीच्या वाटेवरचं मलकापूर मागं पडावं लागलं. मग त्यानं गाडी कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी मोना घरी आली, हातपाय धुऊन जेवायला बसली.

“दिसला काय गं गवा?” आईनं विचारलं.

“दिसला की. कळपच होता.”

“केवढा असतोय?”

“आपल्या म्हशीपरास दांडगा. पाय पांढरं, मोजं घातल्यागत.” उत्तर आईला होतं, पण ती बघत होती बापाकडं.

हे खोटं आहे म्हणायचं, तर ते आपल्याला कसं कळलं हे आधी सांगावं लागलं असतं. बाळासोनं घास गिळला.

“काय करत हुता?” त्यानं विचारलं.

“पाणी पीत होता.”

“लई येळ?”

“लई, पप्पा. आमी निघालो तरी तिथंच.”

हिशेब करायचाच तर मॅडमनी रात्र जागून काढली. पोरांचा गवा गेला, आणि कुणापायी गेला ते त्यांना कळणार नाही. अमरसिंहनं नसलेल्या मयताला एक संध्याकाळ दिली. बाळासोची पँट फाटली. बाकीचं सगळं मोनानं भरलं, आणि त्यातलं काही परत मागितलं नाही.

“आणि शिंगं गं?” आईनं विचारलं.

मोनानं हातातली भाकरी ताटात ठेवली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन आत वळवले, आणि आईचं बघून होईपर्यंत तशीच बसून राहिली.